डबा नरांनी भरतो, फळं माद्या सडवतात: गंध आणि खाद्य वापरून फळमाशीचा बंदोबस्त

एप्रिल सरता सरता कोकणातल्या कुठल्याही कलमांच्या बागेत सापळ्याचा डबा उघडला, तर आत मेलेल्या माश्यांचा खच पडलेला असतो. त्याच झाडाखाली डंख बसलेली, गळालेली फळंही पडलेली असतात. मग साहजिकच बागायतदार विचारतो, सापळे लावून उपयोग काय? सापळा आपलं काम चोख करतो, फक्त ते काम अर्धंच आहे. डब्यातला तो सगळा खच नरांचा असतो. फळात अंडी घालणारी मादी त्या वासाकडे ढुंकूनही बघत नाही. तिला बोलावणारे वास वेगळे आणि तिची भूकही वेगळी. हे एकदा लक्षात आलं की सापळा कधी लावायचा, आमिष कुठे फवारायचं आणि गळालेल्या फळांचं काय करायचं, या सगळ्याची संगती लागते.

आधी माशी ओळखा

स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावतात ती चिलटं. ती आंबलेल्या, सडू लागलेल्या फळावर येतात. फळमाशी चांगल्या, धडधाकट फळाला भोक पाडते. आकाराने ती घरमाशीएवढी, पण दिसायला गांधीलमाशीच्या जातकुळीतली: तपकिरी अंग, छातीवर पिवळे पट्टे, पारदर्शक पंख. मादीच्या पोटाचं टोक सुईसारखं निमुळतं असतं, नराचं बोथट. सापळ्यातल्या चार माश्या तळहातावर घेऊन बघा, सगळ्या बोथटच निघतील.

आपल्याकडे आंबा, पेरू, चिकूवर मुख्यत्वे बॅक्ट्रोसेरा वंशातल्या तीन जाती असतात: डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा. कारली, काकडी, दोडका, कलिंगड अशा वेलवर्गीय पिकांवर येते ती झ्यूगोडॅकस कुकुर्बिटी, म्हणजे वेलावरची फळमाशी. दोघींचे नर वेगवेगळ्या वासांना भुलतात. दुकानात ल्यूर, म्हणजे सापळ्यात ठेवायचं वासाचं द्रव्य, मागताना पिकाचं नाव सांगायचं ते एवढ्यासाठी.

वासाचं गणित

बिहारमधल्या पुसा इथे एफ. एम. हाउलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये नोंदवलं की सिट्रोनेला तेलाच्या वासावर फळमाश्या झुंडीने येतात, आणि येतात ते सगळे नर. पुढे त्यानेच हा गुण मिथाइल युजेनॉलचा असल्याचं दाखवलं. हे द्रव्य कारखान्यात बनतं तसं वनस्पतींतही असतं, आणि त्यात आपल्या अंगणातली तुळसही आहे. सकाळच्या वेळी तुळशीची मूठभर पानं चुरगळून पेरूच्या झाडाखाली ठेवा. जवळपास डॉर्सालिसचे नर असतील तर काही वेळातच ते वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी उडत येतात, चुरगळलेल्या पानावर बसतात आणि सोंड टेकवून रस चाटत राहतात. हाताने हाकललं तरी एखादा परत तिथेच येऊन बसतो.

तो हे कशासाठी खातो? मिथाइल युजेनॉल पोटात गेल्यावर नराच्या शरीरात त्याचं रूपांतर दुसऱ्या सुगंधी द्रव्यांत होतं आणि ती गुदाजवळच्या ग्रंथीत साठतात. संध्याकाळी अंधारून येताना नर पानांवर जमतात, पंख फडफडवत हा गंध हवेत सोडतात आणि माद्या त्यावरून जोडीदार निवडतात. हे द्रव्य खाल्लेला नर न खाल्लेल्यापेक्षा जास्त वेळा यशस्वी होतो आणि एकदाच खाल्ल्याचा परिणाम कित्येक दिवस टिकतो. थोडक्यात, नर सकाळी अत्तर गोळा करतो आणि संध्याकाळी ते लावून मिरवतो.

दुकानात या सापळ्यांनाही सरसकट कामगंध सापळे म्हणतात. गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यात मादीच्या गंधाची नक्कल असते, इथे मात्र वास झाडाचा आहे. हा फरक पुस्तकी नाही. बोंडअळीचा पतंग ल्यूरपाशी येऊन निघून गेला तर फारसं बिघडत नाही. फळमाशीचा नर इथे येऊन, पोटभर खाऊन जिवंत परत गेला, तर आपणच त्याला नटवून पाठवलेलं असतं. म्हणून ज्या सापळ्यातून माशी बाहेर पडू शकते किंवा ज्यातलं विष उडून गेलंय, तो सापळा नसलेला बरा.

मादीचं गणित निराळं. कोषातून बाहेर पडते तेव्हा तिच्या पोटात तयार अंडी नसतात. ती तयार व्हायला प्रथिनं लागतात. साखर तिला उडायला ताकद देते, पण अंडी धरत नाही. प्रथिनं ती पक्ष्यांच्या विष्ठेतून, पानांवरच्या जिवाणूंतून, मावा-तुडतुड्यांच्या चिकट गोड स्रावातून, परागातून मिळवते. प्रथिनं कुजताना सुटणारा अमोनियासारखा वास तिला लांबून कळतो. अंडी तयार होऊन मिलन झालं की तिचा ओढा बदलतो आणि ती पिकू लागलेल्या फळाच्या वासामागे जाते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की आंब्याच्या वासातलं गॅमा-ऑक्टालॅक्टोन हे द्रव्य अंडी घालायला आलेल्या डॉर्सालिस मादीला पोटाच्या टोकाची अंडी घालायची नळी फळात खुपसायला उद्युक्त करतं.

म्हणजे नर सुगंधाला, भुकेली मादी प्रथिनाला आणि भरल्या पोटाची मादी फळाला. या तीन ठिकाणी तिघांना गाठायचं आहे.

पायरी १: ल्यूर निवडा

आंबा, पेरू, चिकू यांसाठी मिथाइल युजेनॉल. वेलवर्गीय भाज्या आणि कलिंगड-खरबुजासाठी क्यू ल्यूर. दोन्ही एकाच डब्यात टाकून पैसे वाचवायचा मोह होतो, पण तसं करू नका, एकमेकांमुळे पकड कमी होते. परसात पेरू आणि मांडवावर कारली दोन्ही असतील तर दोन वेगळे डबे, मध्ये चांगलं अंतर ठेवून.

बोरावरची फळमाशी तिसरीच आहे आणि ती मिथाइल युजेनॉलला येत नाही. बोराच्या बागेत हा सापळा रिकामा राहिला म्हणून माशी नाही असं समजू नका.

पायरी २: सापळा वेळेआधी लावा

बहुतेक ठिकाणी डंख दिसल्यावर सापळे आणले जातात. तोवर माद्यांचं मिलन झालेलं असतं. त्या क्षणी बागेतले सगळे नर मारले तरी त्या माद्या अंडी घालतच राहतात. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे दहापैकी आठ नर मारूनही उरलेले दोघे निभावून नेतात. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावरून १९६५ पर्यंत आणि जपानच्या ओकिनावातून १९८६ पर्यंत डॉर्सालिस, म्हणजे ओरिएंटल फळमाशी, निव्वळ नर संपवून नाहीशी केली गेली. पण ती बेटं होती, चहूबाजूंना समुद्र होता आणि मोहीम अख्ख्या बेटावर एकदम चालली. आपल्या बागेला कुंपण गडग्याचं, माशीला त्याचं काय?

तरी सापळा हवाच, फक्त लवकर हवा. हापूसमध्ये काढणीच्या निदान दीड-दोन महिने आधी, म्हणजे फळं सुपारीएवढी असताना लावा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा कोकणात सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्याची प्रचलित शिफारस हेक्टरी ४ ची. शेजारी रायवळ आंब्याची किंवा पेरूची झाडं असतील तर त्या बाजूला एखाददुसरा जास्त लावायला हरकत नाही. वेलवर्गीय पिकात फुलं लागायच्या आधी.

टांगताना हे बघा. जागा सावलीची हवी. उन्हात ल्यूर लवकर उडतो आणि प्लास्टिक तडकतं. उंची हात पोचेल एवढी, मांडवाच्या पिकात मांडवाच्या जरा खाली. भोकांसमोर पानं-फांद्या नकोत, कारण माशी वासाच्या पट्ट्यातून सरळ आत यायला हवी. तारेला वर थोडं ग्रीस फासलं की मुंग्या आत शिरून मेलेल्या माश्या नेत नाहीत. मुंग्यांनी डबा साफ केला की माशीच नाही असा समज होतो.

आता विषाबद्दल. जुन्या शिफारशींत अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन ६:४:१ या प्रमाणात घेऊन प्लायवूडचा ठोकळा भिजवायला सांगतात. काही टिपणांत डायक्लोरव्हॉसचे थेंब टाकायला सांगितलेलं असतं, पण डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे आणि मॅलॅथिऑनच्या वापरावरही निर्बंध आले आहेत. घरी मिसळत बसण्यापेक्षा तयार ल्यूर आणा, त्यावर छापलेली मुदत डब्यावर मार्करने लिहून ठेवा आणि ती संपली की बदला. बिनविषारी करायचं असेल तर डब्याच्या तळाशी साबणाचं पाणी ठेवून माशी बुडेल अशी रचना करावी लागते. त्यातलं पाणी आटू द्यायचं नाही.

ल्यूर हातमोजे घालूनच हाताळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये मिथाइल युजेनॉलला माणसात बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं आहे. शिवाय बोटाला लागलेला वास डब्याच्या बाहेरून पुसला गेला तर नर बाहेरच बसून चाटत राहतात, आत जात नाहीत.

तुळस लावली की फळमाशी पळते असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. वर लिहिलेलं वाचल्यावर त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

पायरी ३: भुकेल्या मादीला आमिष

माझ्या मते खरा फरक इथे पडतो, आणि नेमकं हेच काम सगळ्यात कमी लोक करतात. कारण सापळ्यासारखा भरलेला डबा दाखवता येत नाही.

कोषातून निघाल्यापासून अंडी घालेपर्यंत मादीला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात ती प्रथिनासाठी हिंडत असते. तेव्हा गाठली तर तिचं एकही अंडं फळात जात नाही. एक मादी आयुष्यात हजाराहून जास्त अंडी घालू शकते, हे ध्यानात घेतलं तर एवढी मेहनत परवडते. आमिष दर आठवड्याला का, याचंही उत्तर यातच आहे: दोन फवारण्यांत जास्त अंतर पडलं तर मधल्या काळात निघालेल्या माद्या भूक भागवून फळाकडे वळलेल्या असतात.

आमिषात दोन गोष्टी लागतात, खाद्य आणि विष. खाद्य म्हणून आपल्याकडे गूळ वापरायची पद्धत आहे. गुळाने माशी येते, पण साखर तिला इतर ठिकाणीही मिळते. यीस्टपासून केलेलं प्रथिनयुक्त आमिष भुकेल्या मादीला जास्त ओढतं. ते मिळालं तर तेच घ्या, नाहीतर गुळाच्या पाण्यात यीस्ट भिजवून रात्रभर ठेवा. विषासाठी स्पिनोसॅडवर आधारित तयार आमिषं येतात. दुसरं कीटकनाशक वापरायचं असेल तर लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का ते बघा आणि प्रमाण कृषी सहायकाला विचारूनच ठरवा.

फवारायची रीत नेहमीच्या फवारणीच्या उलटी. झाड भिजवायचं नाही. नोझल सैल करून मोठाले थेंब पडू द्यायचे, झाडाच्या एका बाजूला पानांच्या खालच्या अंगाला, साधारण हातभर जागेत. फळावर थेंब नको, मोहरावर किंवा फुलावर तर अजिबात नको, कारण मधमाश्या तिथेच येतात. वेळ सकाळची. पाऊस पडून गेला की आमिष धुतलं गेलं असं समजून पुन्हा मारायचं. मेमधल्या वळवाच्या सरी आल्या की माशी वाढते आणि आमिषही टिकत नाही, तेव्हा त्या दिवसांत ढिलाई नको.

वेलवर्गीय पिकात जागा आणखी वेगळी. ही माशी पिकात राहतच नाही. दिवसातला बराचसा वेळ ती आजूबाजूच्या झाडोऱ्यात, मक्यावर किंवा एरंडावर बसून काढते, आणि मादी अंडी घालण्यापुरती मांडवात शिरून परत जाते. हवाईतल्या शेतकऱ्यांनी याचा फायदा घेतला. शेताभोवती मक्याच्या ओळी लावून आमिष त्यांच्यावर फवारलं, पिकावर नाही. कारल्याच्या मांडवाभोवती मक्याचा पट्टा किंवा बांधावरचा एरंड तुमच्याकडे असेल तर आमिषाची जागा तीच. मांडवावर मारलेलं बरंचसं वायाच जातं.

औषध नकोच असेल तर बाटलीचा सापळा. लिटरची प्लास्टिकची बाटली, वरच्या भागात बोट जाईल एवढी तीन-चार भोकं, तळाशी यीस्ट आणि चिमूटभर साखर घातलेलं पाणी, त्यात साबणाचे दोन थेंब. यात मोजक्याच माश्या पडतात, पण त्यात निमुळत्या टोकाच्या माद्या दिसतात. आठवड्याला पाणी बदला. परसबागेला एवढं पुरतं, मोठ्या बागेला नाही.

पायरी ४: अंडी घालायला जागा उरू देऊ नका

डंख कसा दिसतो ते एकदा नीट बघून ठेवा. हापूसच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढा काळसर ठिपका असतो, कधी त्यातून चिकाचा बारीक थेंब आलेला असतो. ब्लेडने तिथली साल पातळ सोलली तर खाली पोकळीत दुधी रंगाची, किंचित वाकलेली, मिलिमीटरभर लांबीची अंडी एका झुपक्यात दिसतात. एक-दोन दिवसांत त्यातून अळ्या निघतात आणि गरात शिरतात. तेव्हा बाहेरून फळ अजून विकण्याजोगं दिसत असतं. आढीत घातल्यावर पितळ उघडं पडतं.

आंब्यात आणि वेलात इथे मोठा फरक आहे. आंब्यावर मादी पिकू लागलेल्या फळाला पसंती देते, म्हणून चौदा आणे तयार झालेलं फळ झाडावर ठेवण्यात अर्थ नाही. झेल्याने उतरवा. झाडावर पिकलेल्या फळाला गोडी असेलही, पण त्याचा वास तुमच्याआधी माशीला लागतो. वेलवर्गीय पिकात मादी कोवळ्या फळाला, कधी फुलालाच डंख मारते. तिथे लवकर तोडणीने सुटका होत नाही, संरक्षण फूल गळाल्यापासून हवं. डंख बसलेलं कारलं किंवा काकडी एका बाजूला वाकडी वाढते, ती दिसली की लगेच तोडा.

आंबा अंड्याएवढा झाला की कागदी पिशवी बांधायची कोकणात आता बरीच पद्धत पडली आहे. माशीला फळ सापडलं तरी साल सापडत नाही. पिशवीचं तोंड देठाशी घट्ट हवं आणि फळ पिशवीला आतून टेकता कामा नये, नाहीतर कागदातूनही डंख बसतो. रंगही उजळ येतो, हा वरचा फायदा. पेरूलाही हेच. खर्च मजुरीचा आहे, त्यामुळे सगळ्या बागेला जमत नसेल तर उशिरा तयार होणाऱ्या झाडांना तरी बांधा, कारण माशीचा जोर शेवटच्या फळांवरच असतो.

निंबोळी अर्काच्या वासाने मादी काही काळ बिचकते. पूरक म्हणून ठीक, त्याच्यावर विसंबू नका.

आता सड्याबद्दल, म्हणजे झाडाखाली गळून पडलेल्या फळांबद्दल. अळी पूर्ण वाढली की फळातून उडी मारून मातीत शिरते आणि दोन-चार बोटं खोल कोष करते. आठ-दहा दिवसांत नवी माशी बाहेर. बागेतल्या शंभर झाडांची काळजी घेणारा माणूस बांधावरच्या रायवळ आंब्याखाली पडलेल्या सड्याकडे बघत नाही, आणि पुढची सगळी फौज तिथूनच येते. गळालेलं फळ शक्यतो रोज, निदान दिवसाआड उचला. खड्ड्यात टाकून वर ढेकळं लोटली तर माशी आरामात बाहेर येते. दीड-दोन फूट खोल पुरून माती दाबा, नाहीतर जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि दहा-बारा दिवस कडक उन्हात ठेवा. उघड्या कंपोस्टच्या ढिगावर ही फळं टाकू नका. झाडाखालची माती अधूनमधून हलकी उकरली की कोष वर येतात, बाकीचं काम कोंबड्या करतात.

पायरी ५: आकडा लिहा, पण त्यावर हुरळू नका

डब्यातल्या माश्या आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी मोजून वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. आकडा नुसता मोठा असून काही कळत नाही, तो कुठे चाललाय ते कळतं. मागच्यापेक्षा दुप्पट झाला तर नव्या माश्या निघाल्या, आमिषाचा आठवडा चुकवू नका. एकाएकी शून्य झाला तर आधी ल्यूर तपासा. आणि माश्या कमी होऊनही डंख वाढत असतील तर त्या बाहेरून मिलन करून येणाऱ्या माद्या आहेत. तिथे आणखी चार सापळे टांगण्यापेक्षा शेजाऱ्याशी बोलणं जास्त कामाचं. दहा जणांनी एकाच आठवड्यात सडा उचलला आणि आमिष मारलं तर ज्याच्याकडे एकही सापळा नाही त्याचीही फळं वाचतात.

निर्यात करणाऱ्याला यातून सूट नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा, कारली, पडवळ, वांगी आणि अळू यांची आयात थांबवली होती. आदल्या वर्षी तिथे पोचलेल्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. युरोपसाठी आता ४८ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर बुडवण्याची प्रक्रिया आहे, अमेरिकेसाठी किमान ४०० ग्रे विकिरण, आणि लासलगावच्या केंद्रातून तो आंबा २००७ पासून जातो. या प्रक्रियांनी फळातली अंडी-अळी मरते किंवा तिची पुढची वाढ थांबते, पण सडलेला गर काही परत येत नाही. डंख बसलेलं फळ पॅकहाउसच्या टेबलावर बाजूलाच निघतं आणि तोटा बागायतदाराच्या नावावर पडतो.

आंबा संपला म्हणून जूनमध्ये डबे काढून माळ्यावर टाकू नका. पावसाळ्यात हीच माशी पेरूवर जाते. आंब्यातले सापळे नवा ल्यूर घालून तिकडे हलवा आणि पुढच्या मोहरापर्यंत पेरू-चिकूखालचा सडा उचलत राहा.